तिसरी हाक

२ नोव्हेंबर २००९

यंत्र कधी खोटं बोलत नाही, उल्का. बोलतो तो माणूस. इंद्रायणीबाई मला हे म्हणाल्या तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि त्यांच्या पुण्याच्या प्रयोगशाळेत तारांना कथलाचा डाग द्यायला शिकत होते. आज नारायणगावच्या स्टँडवर उतरले आणि का कोण जाणे, तेच वाक्य आठवलं. इतकी वर्षं मी त्याच्याच आधारानं काम केलं आहे.

न्यायला नवनाथभाऊ आले होते. माझ्या मांडीवर खोकं, मागे बांधलेली पेटी, आणि मोटारसायकलवर त्यांची अखंड बडबड. येडगाव धरणाच्या अलीकडे चार घरांची वस्ती आहे, चहूकडून ऊस. माझी सोय त्यांच्या भावजयीकडे, पारूबाईंकडे. पाण्याचा तांब्या हातात देऊन त्यांनी पहिलं हेच विचारलं की मालक कुठं असतात. मी लग्न केलं नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मंग बरंय, आपलं जमंल. त्यांचे मालक बाजीराव दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी उसाला पाणी द्यायला गेले आणि बिबट्यानं धरले.

इथले लोक उसात शिरताना मोठ्यानं बोलतात, नाहीतर कमरेला रेडिओ लावतात. माणसाचा आवाज आला की बिबट्या वाट बदलतो. आमचा बोलता खांब तेच करणार आहे. तो वस्तीवरचे आवाज ऐकून शिकतो आणि दिवेलागणीपासून त्याच आवाजांत, स्वतःच नवी वाक्यं जुळवून, बोलत राहतो. असं यंत्र अजून कुठंच उभं राहिलेलं नाही. नवनाथभाऊ म्हणाले, आता बिबट्यालाबी आमच्या भावकीची भांडणं ऐकावी लागणार, पार शिरूरला पळंल राव.

रात्री पिठलं आणि बाजरीची भाकरी. फार दिवसांनी इतकी जेवले.

८ नोव्हेंबर

आवाज गोळा करते आहे. बायका आधी लाजल्या, मग थांबेनात. पारूबाईंनी आज पत्र्याच्या पेटीतून एक कॅसेट काढून दिली. पुतण्याच्या साखरपुड्यात कुणीतरी टेप चालू ठेवला होता, त्यात बाजीराव आचाऱ्यावर ओरडतायत, मधेच हसतायत. बाजीरावांच्या आवाजाचा एक खांब विहिरीकडच्या उसात लावा, असं पारूबाईंचं मागणं. मला बरं वाटेना. इंद्रायणीबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, जरूर लाव, मायेचा आवाज आहे.

मी एकच अट घातली, आणि ती स्वतः यंत्रात बसवली. खांब कधीही कुणाचं नाव घेणार नाही. नाव घेतलं की ते बोलणं राहत नाही, हाक होते.

पारूबाईंना हे लगेच पटलं. सांज झाल्यावर पयल्या हाकंला ओ द्यायची नाय, दुसऱ्या हाकंलाबी नाय, असं त्या म्हणाल्या. वाईट असंल ते दोनदाच हाक मारतं. तिसऱ्यांदा हाक आली म्हंजी माणूस. मला हे इतकं आवडलं की आठवड्याच्या अहवालात इंद्रायणीबाईंना सविस्तर लिहून पाठवलं.

१९ नोव्हेंबर

खांब उसात उभे राहिले. बिबट्याचे ठसे वस्तीकडून वळून धरणाकडे गेलेत. नवनाथभाऊंनी सगळ्यांना भेळ आणली. म्हणाले, बाई, तुमचं देऊळ बांधू, फक्त नारळ तुमी आणा.

संध्याकाळी ऊस बोलायला लागतो. बाजीराव म्हणतात, पाणी फुटलं बघा, बांध धरा. हे वाक्य कॅसेटमध्ये नव्हतं. पारूबाई उंबऱ्यावर बसून ऐकतात. काल त्यांनी केसाला तेल लावलं होतं.

२६ नोव्हेंबर

नवनाथभाऊ संध्याकाळी उसातून बाहेर आले आणि बायकोवर चिडले, हाका मारून बोलावतेस आणि घरातच बसतेस. ती म्हणाली, मी तर चुलीपुढून उठलेच न्हाई. दोघं हसले. मी हसू शकले नाही.

खांब उघडून पाहिला. नाव न घेण्याची माझी अट काढलेली होती. खांबात मोबाईलचं कार्ड आहे, पुण्याहून हवं ते बदलता येतं. हे फक्त इंद्रायणीबाई करू शकतात. फोनवर त्या म्हणाल्या, छोटी सुधारणा आहे, तू दमलीस, झोप.

मी अट परत बसवली. सकाळी ती पुन्हा नव्हती.

३० नोव्हेंबर

खांब पुण्याला काय पाठवतो ते आज वाचलं. बिबट्याबद्दल एक ओळ नाही. कुणाच्या आवाजाला कोण उठलं, किती पावलं उसात आलं, कितव्या हाकेला आलं. पहिल्या आठवड्यानंतर प्रत्येक खांब तीनच हाका मारतो. तीन. माझ्या अहवालातून घेतलेलं.

इंद्रायणीबाईंना सरळ विचारलं. त्याही सरळ बोलल्या. माणसं आवाजानं हलवता येतात का, हे पाहायचं होतं; बिबट्या हे फक्त वस्तीत शिरायला निमित्त. मोर्चे, दंगली, सरहद्द, पुढं कुठंही उपयोग होईल. तुला सांगितलं असतं तर तू आली नसतीस, आणि तुझ्याइतका विश्वास लोक कुणावर ठेवत नाहीत.

मी म्हटलं, मी हे बंद करणार. त्या थोडं हसल्या. बावीस वर्षांची असताना मी चुकले की हसायच्या तसंच.

२ डिसेंबर

नवनाथभाऊ गेले.

बायकोच्या आवाजाला उसात गेले. खांबापाशीच सापडले.

ठसे पाहिले. बिबट्या धावत आला नव्हता. खांबाखाली बसून होता, गवत दबलेलं, कितीतरी दिवसांचं. त्याला कळलं आहे. इथं आवाज झाला की माणूस येतो. एकटा येतो.

३ डिसेंबर

बाकीची घरं वारूळवाडीला पाहुण्यांकडे गेली. बंद केलेले खांब पुण्याहून पुन्हा चालू होत होते, म्हणून आज मी पहार घेऊन ते पाडले. प्रत्येकाला स्वतःची बॅटरी, म्हणून एकेक फोडावा लागला. हात सोलले.

बाजीरावांचा राहिला. पारूबाई आडव्या उभ्या राहिल्या. तुमीच त्यांना आणलं, आता तुमीच दुसऱ्यांदा मारणार का, असं विचारलं. मी सगळं सांगितलं, पुण्याचं, ठशांचं. त्या म्हणाल्या, त्यांनी तीनदा हाक मारली बाई. तिसरी हाक माणसाची.

मी पाया पडले. मग त्या जवळ बसल्या, माझ्या हाताला हळद लावली. म्हणाल्या, बरं, त्यांच्या हाकंला नाय उठायची. तुमच्यासाठी. आता फकस्त तुमी हाक मारली तरच दार उघडंन, एका हाकंला.

किती विश्वासानं म्हणाल्या.

४ डिसेंबर, दिवस बुडताना

पारूबाई धार काढत होत्या तेवढ्यात पहार घेऊन निघाले. विहिरीपर्यंत पोचले. बिबट्या खांबाखाली होता. माझ्याकडे बघत होता, उठला नाही.

मागं सरत विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत आले. दार लावलंय. मधे ऊस, पलीकडे घर. पारूबाईंकडे फोन नाही. वनखात्याला लावला, ते निघालेत, जुन्नरहून —

इंद्रायणीबाईंनाही लावला. एवढा एक खांब बंद करा म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. नाही म्हणाल्या नाहीत. ठेवून दिला.

अंधारतंय. खांब बोलायला लागला.

बाजीराव नाहीत. बाईचा आवाज आहे.

माझा आहे.

मी माझा आवाज कधी दिला नव्हता. तो गेला फक्त फोनवरून — इंद्रायणीबाईंकडे, वीस वर्षं —

पारूबाई, म्हणतोय. पारूबाई, मी पडले, या ना.

मी ओरडले. येऊ नका म्हणून ओरडले. त्यानं माझ्याच आवाजात, माझ्याहून मोठ्यानं, या म्हटलं. त्यांना कसं कळणार कुठली मी —

पडवीतला कंदील उचलला गेला. झरोक्यातून दिसतोय. पायरी उतरतोय.

पहार घेतली. दार उघडते आहे. बिबट्या खांबाकडे बघतोय, माझ्याकडे पाठ आहे. जमेल.

पारूबाई, एकदाच मला दिलेला शब्द मोडा. मी हाक मारली तरी येऊ नका. तुम्ही ऐकणार नाही, तुम्ही शब्द दिलाय, ठाऊक आहे मला, तरी — मागं फिरा, पारूबाई, मागं —