डाग न पडणारा निळा

प्रिय भार्गवी,

सुताची लडी पिळायचं यंत्र, जुन्या सायकलच्या दोन चक्रांचं. रंगाच्या हौदाचं झाकण, जे एका हाताने उचलता येतं. तुझ्या आईचा पोळपाट, शिसवी, साडेदहा इंच. तुझं अभ्यासाचं टेबल, डावखुऱ्याला लागतं तसं, दिवा उजवीकडे, म्हणजे हाताची सावली वहीवर पडायला नको. रंगांची वही, चारशे बारा छटा, प्रत्येकीखाली सुताचा तुकडा आणि रंगाचं वजन. एवढं मी माझ्या हातांनी केलं, कुणी शिकवलं नाही. आठवीत शाळा सुटली त्या माणसाने केलं. तुला हे सगळं पाठ आहे, तरी लिहिलं. पुढचं लिहायला हात धजत नव्हता, म्हणून आधी जे येतं ते लिहून घेतलं.

इकडे ठीक आहे. कारखान्यात मल्लप्पा एकटाच कामाला उरलाय, गुडघे दुखतात, तरी सकाळी साताला हौदापाशी हजर. आपल्या इथल्या भवानी पेठेत यंत्रमागांचा आवाज आता निम्मा राहिलाय. घरात तर भांड्यावर भांडं आपटलं तरच आवाज. शंभर किलो सुताला किती ग्रॅम रंग ते मी तोंडी सांगतो, पण एका माणसाची आमटी मला अजून जमत नाही. दोन वेळची होते, कधी तीन वेळची. मग तीच खातो. रविवारी तुझा फोन येतो. मी विचारतो जेवलीस का, तू हो म्हणतेस. मी विचारतो अभ्यास कसा आहे, तू बरा आहे म्हणतेस. मग दोघंही फोन ठेवतो. परवा मी घड्याळ पाहिलं, एक मिनिट चाळीस सेकंद.

तू बारावीत असतानाचं मला सरळ लिहायचं आहे. आजवर मी ते लिहिलं नाही, बोललो तर नाहीच.

तुझ्या गालांवर, कपाळावर पुटकुळ्या उठल्या होत्या. आई जाऊन पाच वर्षं झाली होती, घरात विचारायला बाईमाणूस नव्हतं. तू मला काही न सांगता, बसचे पैसे वाचवून, सात रस्त्याजवळच्या त्या त्वचेच्या डॉक्टर मॅडमकडे गेलीस. त्यांनी दोन ट्यूब दिल्या. एक सकाळची, एक झोपण्याआधीची. मला कळलं ते आठवड्याने, टॉवेलमुळे. आपलाच गडद निळा टॉवेल, माझ्या हौदातला, आणि त्यावर हाताएवढे फिकट पिवळट डाग. माझा रंग उडाला म्हणून मी आधी मल्लप्पाला बोललो. मग तुझ्या टेबलाच्या खणात ट्यूब सापडली. इंग्रजी अक्षरं जुळवून वाचलं, त्यात पेरॉक्साइड होतं.

आपण कोऱ्या सुताचा पिवळेपणा काढायला पेरॉक्साइड वापरतो. ते हातावर पडलं की कातडी पांढरी होते आणि चुरचुरते, हे मला तीस वर्षं माहीत. तुझे गाल त्या आठवड्यात लाल होते, सालं निघत होती. मी दोन आणि दोन चार केले. तुझ्यासमोर दोन्ही ट्यूब मोरीत पिळल्या. तू म्हणत होतीस की मॅडमनी सांगितलंय, पहिले काही आठवडे असंच होणार, तीन महिने धीर धरायचा. मी म्हणालो, मला ब्लीच शिकवू नकोस.

त्या ट्यूबवर अडीच टक्के लिहिलं होतं, आपल्या कॅनवर पन्नास असतं. ते मी वाचलंच नाही. छटेगणिक टक्का लिहून ठेवणाऱ्या माणसाने तेवढाच आकडा वाचला नाही.

मग मी माझ्या अकलेने चौकातल्या मेडिकलमधून दुसरी क्रीम आणली. डॉक्टरची चिठ्ठी नाही, काही नाही. दुकानदार म्हणाला, सगळे हीच नेतात. पाच दिवसांत तुझा चेहरा काचेसारखा झाला. मी मोबाइलवर आधीचा फोटो काढला होता, नंतरचाही काढला, आणि गल्लीत दहा जणांना दाखवले. रंगाऱ्याने मुलीचा चेहरा रंगवला म्हणून लोक हसले, मीही हसलो. तू हसली नव्हतीस. ते माझ्या लक्षात आहे, तेव्हा लक्षात आलं नव्हतं एवढंच.

चार महिने तू ती लावलीस. एकदा संपली, आठ दिवस दुकानात मिळाली नाही, आणि चेहरा पेटला. पूर्वीच्या दुप्पट पुटकुळ्या, उन्हात आग, गालांवर बारीक लव. कॉलेजच्या निरोप समारंभाला तू गेली नाहीस. बेसिनवरचा आरसा उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवलास. त्या दिवशी तू एकच वाक्य बोललीस. "अप्पा, चेहरा माझा होता, एकदा विचारायचं तरी." त्यावर मी जे काही बोललो ते इथे लिहीत नाही.

तू पुण्याला गेल्यावर मी एकटा त्या मॅडमकडे गेलो. हे तुला सांगितलेलं नाही. रंगांची वही सोबत नेली होती, मागच्या पानांवर लिहून घेतलं. त्या क्रीममध्ये स्टेरॉइड होतं. ते सूज दाबतं, म्हणून चेहरा पाच दिवसांत साफ दिसतो, आणि सोडलं की दाबलेलं सगळं वर येतं. खरं औषध हळू चालतं. रात्रीचं मलम वाटाण्याएवढं, तेही पूर्ण चेहऱ्याला, नुसत्या पुटकुळीवर ठिपका देऊन भागत नाही. तोंड धुऊन पुरतं कोरडं झाल्यावरच. सुरुवातीला एक दिवसाआड. चेहरा ओढला तर वरून साधं मॉइश्चरायझर, दिवसा उन्हाचं क्रीम. आणि पेरॉक्साइड कापडाचा रंग खातं हे खरं, पण कातडीवर त्याचं काम वेगळं, ते पुटकुळीतले जंतू मारतं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही सुताला उकळत्या हौदात बुडवता, म्हणून मुलीला बुडवता का? मी खाली बघून लिहीत राहिलो.

तिथून आल्यावर मी टॉवेलच्या मागे लागलो. मॅडमकडूनच कळलं होतं की तू पुन्हा औषध सुरू केलंयस, म्हणजे पुन्हा डाग, आणि वसतिगृहात तसा टॉवेल दोरीवर टाकायची लाज. मी मॅडमकडून चिठ्ठी घेऊन तुझीच सकाळची, पेरॉक्साइडची ट्यूब आणली. मेडिकलवाला म्हणाला, काय अप्पा, त्रेपन्नाव्या वर्षी तारुण्यपीटिका? मी म्हणालो, उशिरा आलंय, पण आलंय. सुताच्या तुकड्यांवर मलम चोळून दिवसभर ठेवायचो. अठरा निळे गेले. एकोणिसावा टिकला, वेगळ्या जातीचा रंग, बसवायला किचकट, पण पेरॉक्साइडला दाद देत नाही. मल्लप्पा रोज बघायचा. शेवटी म्हणाला, "मालक, पोरीला टॉवेल नगं, माफी मागा की. त्येला सूत लागत न्हाय." मी त्याला दुसऱ्या हौदावर पाठवला.

सहा टॉवेल कुरिअरने पाठवले, चिठ्ठी न घालता. तुझा निरोप आला, मिळाले. दोन महिन्यांनी फोटो आला, दोरीवर वाळणारा टॉवेल, एकही डाग नाही. खाली काही लिहिलं नव्हतंस. मी तो मल्लप्पालाही दाखवला नाही.

आता मागच्या सोमवारचं. तुझ्या खोलीतल्या मुलीने म्हणे टॉवेलचा फोटो कुठेतरी टाकला, तो बघून विरेश नावाचा पुण्याचा व्यापारी इथे आला. रंगाची कृती आणि पहिला माल एकदम घेतो म्हणाला. माझी मान ताठ झाली. बोलता बोलता मी मोबाइल काढला आणि तुझे ते दोन फोटो त्याला दाखवले. होय, पुन्हा. तो लगेच म्हणाला, हेच खोक्यावर छापू, बापाने लेकीच्या चेहऱ्यासाठी केलेला टॉवेल. मी म्हणालो, टॉवेल घ्या, फोटो नाही. तो म्हणाला, टॉवेल कुणीही करतं अप्पा, गोष्ट तुमच्याकडेच आहे. शिवाय त्या साफ चेहऱ्याखाली कुठली क्रीम आहे हे त्याला माहीत नव्हतं, मला होतं.

आधी तुला विचारावं असं मनात आलं, तूच तसं सांगितलं होतंस. पण बाप विचारतोय, कारखाना निम्मा बंद आहे, मग पोर हो म्हणेल, हेही मला ठाऊक होतं. म्हणून याही वेळी न विचारता ठरवलं. चुकलं असेल तर सांग. ते फोटो मोबाइलमधून काढून टाकले. गल्लीतल्या कुणाकडे ते गेले होते का ते घरोघर जाऊन बघितलं, दोघांकडे होते, माझ्यासमोर पुसायला लावले. काढण्याआधी एकेक प्रत छापून घेतली होती, त्या या पाकिटात घातल्या आहेत. फाड, ठेव, तुझ्या आहेत. भार्गवी, त्या दिवशी विचारायला हवं होतं. मला माफ कर. हे सांगायला फोनचं एक मिनिट चाळीस सेकंद पुरलं नसतं, म्हणून पत्र. आणि दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी हेही माझ्याकडून कळावं, की विरेश कृती, माल आणि तुझे दोन फोटो मिळून सात लाख चाळीस हजार देत होता, आणि मी नाही म्हणालो.

तुझाच,
अप्पा