उतरवून ठेवलेली भाकर

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझा आवाज आठवायचा तर डोळे मिटून बसावं लागतं. आणि काल नळदुर्गजवळच्या एका गावात, भर दुपारी, वीस-पंचवीस माणसांदेखत तू अचानक समोर आलीस.

तुला टीव्हीवरच्या मालिका ठाऊक नाहीत. चाळीस वर्षं मी नट म्हणून पोट भरतोय आणि सध्या भुताखेतांच्या एका मालिकेत म्हातारा झालोय. घरातली मेलेली माणसं या म्हाताऱ्याच्या अंगात येतात आणि जित्यांना खडसावतात. लोकांना तो भलताच आवडतो, रस्त्यात बायका पाया पडतात. कालचा प्रसंग चुलीपुढचा होता. भाकरी खऱ्या हव्यात म्हणून गावातल्याच एका बाईंना चुलीपुढं बसवलं होतं, मी शेजारी पाटावर. अंगात यायची वेळ झाली तसा मी सवयीनं चष्मा काढला, घडी घालून कोनाड्यात ठेवला आणि मग घुमायला लागलो. माझ्या मते झकास झालं होतं. पण त्या बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. काय झालं म्हणून मी विचारलं.

"रागावू नगा दादा," मग त्या म्हणाल्या, "पर अंगात येताना कुनी चष्मा काढून ठेवतंय व्हय? आमच्या जावंच्या अंगात येतंय. तव्यावरची भाकर कोळसा हुती, तरी तिला दाद नसती."

सगळे हसले. मला मात्र तू आठवलीस. अंगात येताना तुझी भाकर कधीच करपली नव्हती, माय.

येरमाळ्याकडचं आपलं घर. मी दहा वर्षांचा. थोरले चुलते ओसरीवर बसून सांगतायत की ह्याचं चौथीपर्यंत झालं तेवढं पुष्कळ झालं, उद्यापासून मेंढरांमागं जाईल. बाबा मान खाली घालून बसलेत. चुलत्यांपुढं तू कधी तोंड उघडलेलं मी पाहिलं नव्हतं, भावजयीनं बोलायची रीतच नव्हती आपल्यात. तू तव्यावरची भाकर उतरवून टोपल्यात ठेवतेस. चुलीतलं लाकूड मागं ओढतेस. काठवटीतलं पीठ झाकतेस. आणि मग तुझे केस सुटतात, तू घुमायला लागतेस आणि तुझ्या तोंडून येडाई देवी बोलते, "ह्या लेकराला मेंढरामागं धाडलंस तर गाठ माझ्याशी हाय. साळंत घाल त्येला." ज्या माणसानं तुझ्याकडं कधी मान वर करून पाहिलं नाही, तो तुझ्या पायावर डोकं ठेवतो. चुकलो आई, घालतो, म्हणतो. आठ दिवसांत मी कळंबच्या बोर्डिंगात होतो.

देवी नव्हती असं मी म्हणत नाही. ते ठरवणारा मी कोण? पण जन्मभर हाच धंदा केल्यावर एवढं कळतं की प्रवेशाआधी जो हातातलं सामान नीट जागेवर ठेवतो, त्याला पुढं काय बोलायचंय ते पाठ असतं. मला अभिनय कुणी शिकवला, असं लोक विचारतात. मी एका सरांचं नाव सांगत आलो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी काल हसलो असतो, तुझं कौतुक केलं असतं. पण आठवण एकटी येत नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी सुट्टीत आलो होतो, दीडशहाणा होऊन. पाहुण्यांदेखत तुला म्हणालो, "हे घुमणं बंद कर. मला लाज वाटते. सगळं ढोंग आहे." तू म्हणालीस, "बरं." त्यानंतर तुझ्या अंगात कधी आलं नाही. आमच्या घरातली अंधश्रद्धा मी घालवली, असं मी मित्रांना अभिमानानं सांगायचो.

पुढच्याच वर्षी चुलत्यांनी माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरवलं. नववीतली पोर आणि दुप्पट वयाचा बिजवर. ओसरीवर सुपारी फुटत होती आणि तू चुलीपुढं बसून माझ्याकडं बघत होतीस. ही माझ्याकडं का बघतेय, असं मला वाटत होतं. शिकलासवरलेला मी, पण चुलत्यांपुढं माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही. दोन वर्षांनी धाकटी पहिल्या बाळंतपणात गेली. तुझ्याजवळ एकच हत्यार होतं, माय, आणि ते मी तुझ्या हातून काढून घेतलं होतं. हे मला काल कळलं, सत्तरीत, एका परक्या बाईच्या हसण्यामुळं.

काल तो प्रसंग पुन्हा चित्रित केला, तेव्हा मी चष्मा काढला नाही. घुमताना तो उडून पडला, काच तडकली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे पत्र आता टाकणार तरी कुठं? त्याच चष्म्याच्या डबीत घडी घालून ठेवतोय.

सुपारी फुटली त्या दिवशी तव्यावरची भाकर तू उतरवली नाहीस. घरभर धूर झाला. भाकर करपतेय, लक्ष कुठंय तुझं, असं तुझ्यावर खेकसणारा मीच होतो. तू ते विसरली नसशील. मी मात्र कालपर्यंत विसरलो होतो.