यादीतले सतरा तारे

टिळकवाडी, बेळगाव
दि. ९ ऑगस्ट १९८३

प्रिय अण्णा,

सविनय जय भीम. रुक्मावहिनींनाही सांग.

मी बरी आहे. यंदा मी शिकवते त्या बी.एस्सी.च्या वर्गात सात मुली आहेत. गेल्या वर्षी दोनच होत्या. वहिनींची शेंगदाण्याची चटणी पुरवून पुरवून खाते आहे. तुझा खोकला कसा आहे? वखारीत तंबाखू चाळताना तोंडाला फडकं बांधत जा. आप्पांसारखा हट्ट करू नकोस.

मागं तू विचारलं होतंस, "तू नेमकं करतीस तरी काय गं?" तेव्हा मी उडवून लावलं. आज सांगते.

आपल्या आकाशगंगेच्या शेजारी एक लहान आकाशगंगा आहे. ती दक्षिणेला इतकी खाली, की निपाणीतून दिसत नाही म्हटलं तरी चालेल. तिकडच्या दुर्बिणीतून काढलेल्या फोटोंच्या प्रती आमच्या चिंतामणी सरांकडं येतात. त्यातून तांबडे महाराक्षसी तारे शोधायचे, त्यांची प्रतवारी करायची, हे माझं काम. सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीला गिळून बसेल, एवढा एकेक तारा. फोटोत प्रत्येकाच्या उजेडाचा बारीक पट्टा उमटतो. भिंगाखाली त्या पट्ट्यातल्या रेघा बघून ठरवायचं, हा तिकडचा खरा महाराक्षसी, की वाटेत आलेला आपल्याच आकाशगंगेतला बारका तारा. दोघेही सारखेच तांबडे. घाईत बघितलं की फसलंच.

तीन वर्षांत दोनशे चौदा ताऱ्यांची यादी झाली. तिच्यावरचा लेख छापायला स्वीकारला गेला. आणि जूनमध्ये त्याच जागेचे जास्त स्वच्छ फोटो आले. सगळे तारे पुन्हा तपासले. सतरा चुकले होते.

कोणता तारा कधी पाहिला, ते माझ्या वहीत लिहिलेलं असतं. सतराच्या सतरा तारे मी ११, १२ आणि १३ मार्चला पाहिले होते.

अण्णा, या तारखा तुला सांगायला नकोत.

तुझी तार मला चौदाला मिळाली, असं मी मयतीच्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले. ते खोटं होतं. शिपाई भरमूनं ती अकराला सकाळीच माझ्या हातात दिली होती. "आप्पा आजारी, निघून ये." मी ती वहीत ठेवली आणि भिंगाला डोळा लावला. पंधरा तारखेला यादी द्यायची होती. आप्पांना दम्याचा झटका आधीही येत होता आणि ते उठून बसत होते. दोन दिवसांनी जाऊ, म्हटलं. निपाणी दोन तासांवर. तेराला संध्याकाळी आप्पा गेले.

तू समजलास, तार टाकायला पाठवलेल्या तुझ्या दोस्तानं, मष्णूनं, उशीर केला. दारात आलेल्या मष्णूला तू हाकलून दिलंस. तो एवढंच म्हणत होता, "भीमा, मी सायकल हाणत गेलतो रं." मी तिथंच उभी होते. गप्प राहिले. पाच महिने तुम्ही एका गल्लीत राहून बोलत नाही, ते माझ्यामुळं.

सरांना मी लेख थांबवायला सांगितलं. ते म्हणाले, "दोनशेत सतरा म्हणजे फार नाही. कोण तपासणार आहे?"

"मी तपासलंय, सर."

"वर्ष जाईल. परदेशातल्या दुर्बिणीवर जायची तुझी संधीही जाईल."

"जाऊ दे."

लेख मागे घेतला. काल कळलं, दुर्बिणीवरची ती जागा दुसऱ्याला मिळाली. मी रडले, पण सकाळी पहिल्या ताऱ्यापासून पुन्हा सुरुवात केली. या वेळी प्रत्येक तारा दोनदा पाहणार, दोन वेगळ्या दिवशी.

रविवारी, २१ तारखेला येते. आधी मष्णूच्या घरी जाईन, त्याच्या आईसमोर, यल्लव्वासमोर, खरं सांगेन. मग तुझ्याकडं. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

आप्पांची आणि तुझी अपराधी,
विनोदिनी


निपाणी
दि. १६ ऑगस्ट १९८३

विनूस,

पत्र पोचलं. एकदा वाचून ठेवलं. परत वाचलं. मग तुझ्या वहिनीला वाचून दावलं.

मष्णूकडं जायला तू यायची वाट बघितली न्हाय. चूक तुझी, पण हाकलला मी. कालच गेलतो. तो सायकलला पंप मारत बसलावता, वर बघून म्हणाला, "आलास व्हय?" यल्लव्वा मातूर लई बोलली. ऐकून घेतलं.

आप्पा शेवटच्या दिवशी दाराकडं बघत हुते. हे तुला आजपर्यंत सांगितलं न्हवतं, आता सांगतो. तू खरं लिवलंस, मग मी का झाकू?

मला राग हाय. कधी जाईल ठावं न्हाय. पण त्यापायी ते ताऱ्यांचं काम अर्ध्यात टाकशील तर खबरदार. पुरं कर.

रविवारी स्टँडवर येतो. तुझ्याशी बोलणं होईल का न्हाय, सांगता येत न्हाय. पर येतो.

भीमाप्पा देवाप्पा