पुढच्या पंपावर भरू

हफ्र अल बातिन, सौदी अरेबिया,
रविवार

आदरणीय जोहराखाला यांस,

जावई कादिरचा अदबीने सलाम. तुमची तब्येत, गुडघे आणि कानातलं नवं मशीन ही तिन्ही ठीक असावीत अशी दुआ करतो. (मशीन कानात असेल तरच. डब्यात असेल तर त्याची खुशाली विचारण्यात अर्थ नाही.) फोनवर काहीही विचारलं तरी तुम्ही "हो हो, जेवले" म्हणता, म्हणून हे पत्र सुट्टीवर निघालेल्या, माझ्या कामावरच्या नदीमच्या हाती हर्णैला पाठवतोय. इकडे मी, तुमची भाची बिलकिस आणि आमची इफरा सुखरूप आहोत. माझा उजवा पाय सोडून.

त्याचं असं झालं. यंदा थंडीत पाऊस बरा झाला आणि रफ्हाकडे जाणाऱ्या हायवेच्या दोन्ही अंगांना माळ हिरवा झाला. हिरवा म्हणजे आपल्या हर्णैचा हिरवा नव्हे. टकलावर औषध चोळल्यावर येतो तेवढा. पण इथले लोक त्यासाठीही तंबू ठोकून राहतात. इफराने तोंड फुगवलं, "एव्हरीवन हॅज गॉन एक्सेप्ट अस, अब्बा!" मग शुक्रवारी सकाळी निघालो. त्या रस्त्याबद्दल मला कुणी शिकवू नये. नऊ वर्षं तिथल्या दुकानांचे फ्रीज मी दुरुस्त करतोय. कुठल्या पंपावरचा चहा पिण्यासारखा, कुठल्या मशिदीच्या नळाला पाणी, कुठल्या टायरवाल्याकडे टायर सोडून सगळं मिळतं, सारं तोंडपाठ. रस्ता इतका सरळ की स्टेअरिंग धरायचं ते केवळ सवय म्हणून. शेजारून तेलाची जुनी, बंद पाइपलाइन जाते आणि उंट रस्त्यावर येऊ नयेत म्हणून दोन्हीकडे तारेचं कुंपण.

एका पंपाशी बिलकिस म्हणाली, "पेट्रोल भरून घ्या." मी म्हटलं, "पुढच्या पंपावर भरू, तिथला माणूस ओळखीचा आहे." पुढचा पंप आला, पण ओळखीचा माणूस नव्हता. पेट्रोलही नव्हतं. दाराला कुलूप आणि पायरीवर एक मांजर. (तिथला फ्रीज मीच दोन महिन्यांपूर्वी दुरुस्त केला होता. पंप बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही.) बिलकिसने पेट्रोलच्या काट्यावर बोट ठेवलं. तुम्ही तिला वाढवलंय, त्या बोटाचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. वीसेक किलोमीटरवर गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. मोबाइलला रेंज नाही, नमाजेची वेळ, रस्ता ओस.

तेवढ्यात कुंपणापलीकडे, लांब, उंटांमागून एक पिकअप चाललेली दिसली. मी ओरडत कुंपणावर चढलो. पँट तारेत अडकली, मी पलीकडे पडलो आणि घोट्यातून कळ निघाली ती डोक्यापर्यंत. पडल्या पडल्या दिसलं की तीस पावलांवर कुंपणाला फाटक आहे. उघडं.

पिकअपमधून अबू फहाद नावाचा म्हातारा बदू, म्हणजे वाळवंटात उंट घेऊन फिरणारा भटका, उतरला. एकोणीस वर्षांच्या सौदी वास्तव्यात कमावलेलं सगळं अरबी मी पणाला लावलं: "पेट्रोल खलास. पाय खलास." त्याने मान डोलावली आणि पुढचं सगळं बिलकिसला विचारलं. खाला, ही बाई भाजी घेण्यापुरतं अरबी बोलते असा माझा समज होता. तिने त्याच्या उंटांची, नातवांची, गुडघेदुखीची अशी चौकशी केली की म्हातारा माझा पाय विसरून स्वतःचाच दाखवू लागला. मग त्याने मुलाला पेट्रोल आणायला पिटाळलं आणि आम्हाला तंबूत नेलं. त्याच्या बायकोने माझा घोटा गरम मिठाने शेकून बांधला. पुढे कॉफी, भात, मटण, आणि पावसानंतर इथल्या वाळूतून बटाट्यासारखी निघते ती अळंबी. जेवताना म्हाताऱ्याने मला एकच प्रश्न विचारला. बिलकिसने तो मराठीत करून सांगितला, अगदी सावकाश: "बायको भर म्हणाली होती, मग का नाही भरलंस?" मी अळंबी आणखी वाढून घेतली.

दिवस मावळायच्या आत, मगरिबच्या आधी घरी पोहोचलो. काळजी नसावी. शेजारच्या मुन्नीला आणि तिच्या बाळाला आमचे लाड.

तुमचा,
कादिर

ता.क. एक सांगायचं राहिलं. पायाने ब्रेक दाबवेना, म्हणून परतताना गाडी बिलकिसने चालवली. एकशे तीस किलोमीटर. चूक काढायचा मी फार प्रयत्न केला. तपासणी नाक्यावर तिचं लायसन्स मागतील म्हणून मी माझंच हातात धरून बसलो होतो, पण पोलिसाने नुसता हात हलवून सोडलं. तर खाला, दीड वर्षापूर्वी मीच पत्र लिहून तुम्हाला गळ घातली होती, की बिलकिसला गाडी शिकायला मनाई करा, ती तुमचंच ऐकते. ती मनाई आता उठवावी. डॉक्टर तीन आठवडे पाय टेकू नका म्हणतो आणि इफराला शाळेत कुणीतरी सोडायला हवं. मी सांगितलं असं मात्र लिहू नका. तुम्हालाच सुचलं असं लिहा.

आणखी ता.क. सोमवार. पाकीट पुन्हा उघडलंय. काल रात्री बिलकिसला म्हटलं, खालाची परवानगी येऊ दे, मग लायसन्स काढू. तिने पर्समधून लायसन्स काढून माझ्यापुढे ठेवलं. चौदा महिन्यांपूर्वीचं! इफरा म्हणते, "नानी को तो पहले दिन से पता है." खाला, तुमचं तेव्हाचं उत्तर कपाटातून काढून वाचलं. त्यात एवढंच आहे, "बिलकिसला मी बरोबर समजावते." समजावलंत खरं.

तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. आता मागणं एवढंच, की तिला लिहा, नवऱ्याला पुढच्या सीटवर बसू दे. मी "ब्रेक, ब्रेक" करतो म्हणून आज सकाळी तिने मला मागे बसवलं, आणि पुढे इफरा होती.