मागची सीट

सोमवार, ३ मार्च

बायको सिग्नलवर उतरून गेली. म्हणजे चक्क उतरून! लाल दिवा होता, मी अजून त्या काळ्या गाडीवाल्याशी बोलत होतो — बोलत कसला, बोंबलत होतो — आणि मोटारसायकल एकदम हलकी झाली. वळून बघतो तर ही खांद्याला पर्स, हातात हेल्मेट, फुटपाथवरून चाललीय. हाक मारली. मान वळवली नाही.

त्या माणसाची चूक शंभर टक्के. फोन मांडीत, नजर फोनमध्ये, आणि गाडी हळूहळू आमच्या अंगावर. माझा गुडघा आणि त्याचा दरवाजा यांच्यात हात जाईल एवढीसुद्धा जागा राहिली नव्हती. हॉर्न दिला, तर वर न बघताच हात झटकला. मी काय माशी आहे? डोकंच फिरलं. पुढच्या सिग्नलपर्यंत पाठलाग केला, काच बडवली, त्याचे आईबाप काढले. दुसरा कोणी असता तर त्यानेही काढले असते.

हिला दुकानात सोडायचं राहिलंच. चष्म्याच्या दुकानात काम करते. वेळेत पोचलीस का विचारलं, तर म्हणाली, ‘पोचले.’ पुढे काही नाही.

मंगळवार, ४ मार्च

आज बोलली. जेवण झाल्यावर, भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून.

‘तुम्ही भांडता तेव्हा मी मागे असते. तुमच्या हातात हँडल असतं, ब्रेक असतो. माझ्या हातात काय असतं? तुमचा शर्ट!’

मी म्हटलं, चूक त्याची होती. ‘त्याचीच होती. पण पाठलाग तो नाही करत. तुम्ही करता. मला घेऊन.’

मग अट. महिनाभर रस्त्यावर कोणालाही एक शब्द न बोलता गाडी चालवायची. शिवी नाही, काच बडवणं नाही, पाठलाग नाही. ‘मग बसेन. तोवर बस.’ बसेन आणि बस — मला हसू आलं. तिला नाही आलं.

मी विचारलं, तुला कळणार कसं? म्हणाली, ‘तुमचं तोंड बघून.’

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, आणि सगळे पेशंट उपाशीपोटी बसलेले असतात. दार उघडतात तेच कपाळाला आठ्या घालून. मला उशीर म्हणजे त्यांच्या चहाला उशीर. आणि रस्ते असे! आज एका बाईने वळताना इंडिकेटर दिला डावा आणि वळली उजवीकडे. ओठ रंगवत होती. मी गटाराच्या कडेपर्यंत गेलो. दातओठ खाल्ले, पण तोंड उघडलं नाही.

त्यानंतर मास्तरीणबाईंचं घर. निवृत्त झाल्या तरी आवाज अजून वर्गातला. हाताच्या शिरा दोऱ्यासारख्या, हाताला लागता लागत नाहीत. मी नेहमी एका सुईत रक्त काढतो, त्याचा मला गर्व आहे — असू दे! आज दोनदा टोचावं लागलं. बाई कापूस दाबत म्हणाल्या, ‘हात रागावलाय तुमचा.’

लाज वाटली. त्या कुठे गाडी चालवत होत्या?

सोमवार, १० मार्च

युक्ती सापडली. हेल्मेटच्या आत पाढे म्हणायचे. सोपे नाही, एकोणतीसचा. कोणी आडवा आला की एकोणतीस एके एकोणतीस. राग एकोणतीस चोकपर्यंत येतो आणि अडकतो, कारण पुढचं आठवत नाही.

या लोकांना मी नाव ठेवलंय — मांडीवाले. सगळे मांडीकडे बघत चालवतात. जगातलं सगळं महत्त्वाचं त्यांच्या मांडीवर आहे, रस्त्यावर काही नाही. आज एक जण व्हिडिओ कॉलवर खदाखदा हसत होता, माझ्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर.

शुक्रवार, १४ मार्च

ओरडायला जेवढी ताकद लागते त्याच्या दुप्पट गप्प बसायला लागते. संध्याकाळी खुर्चीतच डोळा लागला.

मंगळवार, १८ मार्च

आज कहर झाला! जीपवाल्याला माझ्या बाजूने पुढे जायचं होतं, जागा नव्हती, त्यात माझा काय दोष? पण तो आडवा आला, गाडी रस्त्यातच सोडून उतरला आणि सुरू झाला. थुंकी उडत होती. माझ्या छातीवर बोटाने टोचत होता. मी उभा. एकोणतीस पंचे... काही केल्या आठवेना. शेवटी वैतागून म्हणाला, ‘बहिरा आहेस का?’ मी मान डोलावली. हो, बहिरा आहे. बिचारा एकदम खट्टू झाला. ‘मग सांगायचं ना!’ म्हणून निघून गेला.

घरी आल्यावर बाथरूममध्ये शिरलो, नळ फुल्ल सोडला आणि मनात होतं नव्हतं ते सगळं बोललो. त्याचे आजोबासुद्धा सुटले नाहीत. बाहेर आलो तर ही टॉवेल घेऊन दारात. म्हटलं संपलं, गेला महिना वाया.

‘नळाखालचं धरत नाही मी,’ म्हणाली. आणि हसली! किती दिवसांनी.

सोमवार, २४ मार्च

ती उशिरा घरी येते. बसमध्ये उभं राहून यावं लागतं, पाय सुजतात. कोमट पाण्यात पाय सोडून बसते आणि बसल्या बसल्या पेंगते.

लॅबमध्ये नमुने दिल्यावर मी पूर्वी तिला दुकानात सोडायला घरी यायचो. आता येत नाही. चढावर गाडी हलकी पळते. खरं सांगतो, नको वाटते ती हलकी पळणारी गाडी. मागून कोणी ‘तो दिवा बंद आहे बघा हं’, ‘भाजी घ्यायची राहिली’, ‘अहो, जरा सावकाश’ असं म्हणत नाही. पूर्वी वैताग यायचा त्याचा.

दहा-बारा दिवस राहिले. काढीन!

शनिवार, २९ मार्च

डाव्या मनगटाला प्लॅस्टर. उजव्या हाताने लिहितोय, तेवढं नशीब. कालचं नीट मांडतो.

पेशंटकडून निघालो. मन एकदम शांत, स्वतःवरच खूश. चौकाच्या अलीकडे मागून हॉर्न. लांबलचक. आरशात बघितलं — निळी गाडी, दिवे मारतोय. मी बाजू दिली. तो पुढे जाईना. माझ्या शेजारी आला, काच खाली, हात बाहेर काढून काहीतरी ओरडतोय, खाली बोट दाखवतोय. मी मनात म्हटलं, ओरड बाबा. खाली उतर म्हणतोयस? नाही उतरणार. बघणारसुद्धा नाही. दहा दिवसांपूर्वी जीपवाला पचवला, तू किस झाड की पत्ती! मान ताठ, नजर समोर, एकोणतीसचा पाढा. तो ओरडतोय, मी पाढा म्हणतोय. हेल्मेटमध्ये पाढा जोरात म्हटला की बाहेरचं काही ऐकू येत नाही. आणि डावीकडे वळलो.

तो ‘स्टँड! स्टँड!’ ओरडत होता.

साइडस्टँड खालीच राहिला होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांना ओरडून सांगत आलो, ‘ओ भाऊ, स्टँड!’ दोन चाकांवरच्या माणसाला ही खूण समजावून सांगावी लागत नाही. कोणी खाली बोट दाखवलं की पाय आपोआप स्टँडकडे जातो. माझा गेला नाही. मी रस्त्यावर माणुसकीच्या नात्याने कोणी हाक मारेल हेच विसरलो होतो. वळताना स्टँड रस्त्याला अडकला आणि मी आडवा. रक्ताची पेटी उडाली, पण नमुने शाबूत.

निळ्या गाडीवाल्यानेच उचललं. भला माणूस. मला मागे झोपवलं, पेटी पुढच्या सीटवर ठेवून तिला पट्टा लावला आणि निघाला हॉस्पिटलकडे — फोनवर बोलत! अख्खा रस्ता! आधी त्याच्या बायकोशी, मग ऑफिसशी, मग माझ्याकडून नंबर घेऊन माझ्या बायकोशी. मध्येच मागे वळून मला, ‘दुखतंय का हो?’ मी मागे पडल्या पडल्या उजव्या पायाने ब्रेक दाबत होतो. जीव मुठीत होता, तोही एकाच. मांडीवाला निघाला माझा तारणहार.

मंगळवार, १ एप्रिल

तिला म्हटलं, बघ, मी एक शब्दही बोललो नाही! पडताना पण नाही!

‘मी भांडू नका म्हटलं होतं. ऐकू नका नव्हतं म्हटलं.’ मग माझ्या शर्टाचं बटण लावायला लागली, एका हाताने मला जमत नाही म्हणून. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. दोघंही त्या बटणाकडेच बघत राहिलो.

महिना पूर्ण धरायचा की नाही, हे विचारायचं धाडस झालं नाही.

बुधवार, १६ एप्रिल

घरात बसून वीट आला. लॅबच्या काउंटरवरच्या बाईंचा फोन. ‘मेच्या पहिल्या आठवड्यात आला नाहीत तर तुमचा भाग दुसऱ्याला द्यावा लागेल हो.’ डॉक्टर म्हणतात, सुई धरा, पण क्लच इतक्यात नाही.

बायको ऐकत होती. म्हणाली, ‘मी चालवते.’

काय चालवतेस? ‘मोटारसायकल. दादाची चालवायचे मी. कॉलेजला असताना. लायसन्स आहे माझं.’

इतकी वर्षं झाली लग्नाला! मी म्हटलं, कधी बोलली नाहीस. म्हणाली, ‘तुम्ही कधी चावी दिली नाहीत.’

रविवार, २७ एप्रिल

मैदानावर तासभर फिरवली. मी कडेला उभा राहून सूचना देत होतो. तिसऱ्या फेरीला ती माझ्याजवळून जाताना म्हणाली, ‘ऐकू येत नाही!’ खोटं. हेल्मेटसुद्धा नव्हतं डोक्यावर. त्यावरून एक वाक्य मी तिला ऐकवलं, तेही ऐकू आलं नाही.

पण चालवते छान. माझ्यापेक्षा सावकाश, आणि माझ्याइतक्याच वेळात पोचते.

गुरुवार, ८ मे

कामावर परत! सकाळचे पेशंट आटोपायचे, लॅबला पेटी द्यायची, मग ती दुकानात. मी मागे, पेटी मांडीवर, एक हात तिच्या खांद्यावर.

मागे बसलं की समोरचं काही दिसत नाही. फक्त तिची पाठ दिसते. खड्डा आल्यावर कळतो, ब्रेक लागल्यावर कळतो. धरायला खरंच काही नसतं.

मास्तरीणबाईंचं रक्त एका सुईत निघालं.

सोमवार, १२ मे

आज एक पांढरी गाडी फोनवर बोलत आमच्या समोर घुसली. बायकोने शांतपणे ब्रेक लावला, वाट दिली, जाऊ दिलं. मी मात्र तिच्या खांद्यावरून बोंबललो, आणि गाडी शेजारून सरकताना चांगल्या हाताने तिचं छत बडवलं.

तिने मोटारसायकल कडेला घेतली. स्टँड लावला. म्हणाली, ‘पेटी द्या. रक्त वेळेवर जायला हवं. तुम्ही उतरा.’

उतरलो. पेटी मागे बांधून ती गेली. मी बस-स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. बस येत होत्या, जात होत्या. ती इतके दिवस उभ्याने कुठल्या बसने घरी येत होती, इथून घराकडे कुठली जाते, हे मला ठाऊकच नव्हतं. शेजारच्या बाईंना विचारावं लागलं.