इश्यू: शून्य

१९ नोव्हेंबर १९५६, सोमवार. भोपाळ

पेट्या आज उतरल्या. नागपुरात खडूने नंबर घातले होते, निम्मे पुसून गेलेत. आता कुठली पेटी कुठली, ते उघडल्यावरच कळणार. मध्य प्रदेशाची राजधानी नागपुराहून इकडे आली म्हणून ग्रंथालय इकडे, आणि ग्रंथालय इकडे म्हणून मी. कुणी विचारलं नव्हतं. ऑर्डर आली, सामान बांधलं.

क्वार्टर मिळालं, टी. टी. नगरात. दोन खोल्या. भिंतींचा चुना अजून ओला. नानांची, माझ्या वडिलांची, खाट खिडकीशी लावली. अर्धांगापासून त्यांचा उजवा हात नाहीच उचलत. इटारसीला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "वत्सल, आता नागपूर नाही ना?" मी चहा आणायच्या निमित्ताने खाली उतरले.

२३ नोव्हेंबर

इथलं जुनं संस्थानी ग्रंथालय आणि आमचं नागपूरचं, दोन्ही एकाच इमारतीत. डाव्या अंगाला त्यांची उर्दू-फारसी कपाटं, उजव्या अंगाला आमच्या न उघडलेल्या पेट्या. मधल्या टेबलाशी मी आणि त्यांचे सूचीकार नक्वीसाहेब. (यापुढे न.सा.) पन्नाशी उलटलेली, काळी शेरवानी, सुपारी कातरायची सवय. पहिलंच वाक्य: "बाई साहब, आपकी पेटियों ने मेरा दरवाज़ा बंद कर दिया है।" खरंच बंद केला होता. हलवल्या.

त्यांच्याकडे पुस्तकाचा पत्ता म्हणजे कपाट आणि खण. 'अलमारी तीन, ख़ाना दो.' पुस्तक तिथून हललं की हरवलं. आमच्याकडे कॉल नंबर, विषयाप्रमाणे. समजावायला गेले तर म्हणाले, "मेरी कोई किताब आज तक नहीं हिली।"

८ डिसेंबर

थंडी फार. तळ्यावरून वारा येतो. नानांना खोकला. शेजारच्या बाई दुपारी डोकावून जातात, जबलपूरच्या आहेत. मोठा आधार.

१५ जानेवारी १९५७

काल संक्रांत. तिळगूळ घेऊन गेले कचेरीत. न.सा. नी दोन वड्या घेतल्या, एक रुमालात बांधली, मुलीसाठी. मुलगी मॅट्रिकला आहे.

मग दुपारी शुक्लाजींनी, म्हणजे आमच्या ग्रंथपालांनी, दोघांना बोलावलं. एकीकरण. दोन ग्रंथालयं मिळून कायम सूचीकाराची जागा एकच. दोघंही तोवर तात्पुरते. एप्रिलमध्ये खात्याची परीक्षा: हिंदीत, ग्रंथालयातल्या पारिभाषिक शब्दांवर. पास होईल त्याचा विचार आधी.

बाहेर आलो. न.सा. सुपारी कातरत बसले. मी कार्डं लावत बसले.

१७ जानेवारी

शुक्लाजींनी शब्दावली करायला सांगितली आहे, इंग्रजी शब्द आणि हिंदीत अर्थ. परीक्षेलाही हीच, पुढे वाचकांसाठी भिंतीवरही हीच. म्हणजे प्रश्नही माझेच आणि उत्तरंही. न.सा. ना देवनागरी वाचता येते, लिहिता नीट नाही.

नाना: "चांगलं झालं. तुझं तू करून ठेव. त्याले कशाला दाखवतेस?"

दाखवणार नाही असं मी म्हणाले नाही. दाखवीन असंही नाही.

२१ जानेवारी

दाखवली. चार कार्डं टेबलावर ठेवली होती, ते उभ्याने वाचू लागले, मग मी खुर्ची सरकवली. झालं एवढंच.

कार्डावरच्या 'सी' आणि 'सी ऑल्सो' या इंग्रजी खुणांवर अडलो. 'सी' म्हणजे इथं काही नाही, तिकडे जा. 'सी ऑल्सो' म्हणजे इथं आहेच, पण तिकडेही आहे. मी लिहिलं: 'देखिए' आणि 'यह भी देखिए'. ते म्हणाले, "हमारे यहाँ 'नीज़ देखिए' लिखते हैं।" नीज़, म्हणजे 'शिवाय'. छोटा शब्द, कार्डावर नीट मावतो. पण परीक्षेत चालायचा नाही.

२९ जानेवारी

आज भांडण. फ़ेहरिस्त. ते कॅटलॉगलाही फ़ेहरिस्त म्हणतात, पुस्तकापुढच्या प्रकरणांच्या यादीलाही, मागच्या नामसूचीलाही. मी म्हटलं एका शब्दाने तीन कामं कशी चालतील, वाचक चुकेल. न.सा. नी माझं कार्ड उचललं. "और आपकी 'सूची' क्या कर रही है? ग्रंथ-सूची, विषय-सूची, शब्द-सूची।"

खरं होतं. मी चिडले होते म्हणून कबूल केलं नाही. घरी आल्यावर तिन्हींचे अर्थ उदाहरणं देऊन पुन्हा लिहिले. हे आधीच करायला हवं होतं.

११ फेब्रुवारी

ठरलं. कचेरी सुटल्यावर थोडा वेळ मी त्यांना देवनागरी, ते मला उर्दू. बे, पे, ते, टे. ठिपक्यांत सगळा खेळ. माझा 'पे' पाहून म्हणाले, "नुक़्ते गिरा आईं कहीं रास्ते में?" पहिल्यांदा हसताना पाहिलं त्यांना.

नानांना सांगितलं नाही. उशीर होतो तो पेट्यांमुळे असं त्यांना वाटतं. वाटू दे.

४ मार्च

निवडणुकीची गडबड, रस्त्यात भोंगे. वाचक कमी.

दुपारी एक बाई आल्या, बुरखा, हातात कापडी पिशवी. नवरा संस्थानच्या शाळेत मास्तर होता, वारला. पेन्शनच्या कचेरीत म्हणाले, तो कायम होता याचा पुरावा आणा. नेमणूक जुन्या सरकारी जरीद्यात, म्हणजे गॅझेटात, छापली होती एवढं त्यांना ठाऊक. साल धड नाही.

न.सा. नी जरीद्याचे गठ्ठे काढले. मी धूळ झटकत गेले, ते पानं चाळत गेले. सापडलं. ते मोठ्याने वाचत होते, मी देवनागरीत उतरवत होते, शुक्लाजींनी शिक्का मारून दिला. निघताना बाई थांबल्या. "एक बार और पढ़ दीजिए। सिर्फ़ उनका नाम।"

न.सा. नी वाचलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

त्या गेल्यावर आम्ही दोघंही काम असल्यासारखं करत होतो.

१८ मार्च

शब्दावलीत आज 'इश्यू' आणि 'रेफरन्स'. इश्यू: पुस्तक सही करून घरी नेणं. रेफरन्स: इथंच बसून पाहणं, बाहेर न्यायची मनाई. न.सा. म्हणाले, त्यांचा सगळा विभागच असा. संस्थानचा नियम होता, एकही किताब दारातून बाहेर जाणार नाही. "इसे हम हवाला कहते हैं।" मी 'संदर्भ' लिहिलं.

३ एप्रिल

परवा गुढी उभारली. नानांनी डाव्या हाताने फूल वाहिलं. इकडे रोजे सुरू झाले. न.सा. दुपारी गप्प असतात, सुपारीही नाही. शिकवणी बंद करू म्हटलं, ऐकेनात. मात्रा अजून सुटतात.

१६ एप्रिल

परीक्षा झाली. एका खोलीत आम्ही दोघंच, आणि समोर शुक्लाजी. ऊन भयंकर. पेपर सोपा. मला सोपा. माझं आटोपलं तेव्हा ते अर्ध्यावर होते. एक अक्षर लिहायचे, थांबायचे, त्यावर मात्रा द्यायचे. घड्याच्या पाण्याकडे माझं लक्ष जात होतं, पण त्यांचा रोजा, म्हणून मीही प्याले नाही.

९ मे

निकाल. मी पास. न.सा. शब्दांत पास, भाषेत नापास.

"लफ़्ज़ सब आते थे," म्हणाले, "मात्राएँ नहीं आईं।" मग मला मुबारक म्हणाले आणि आपल्या कपाटांकडे गेले.

नानांना सांगितल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मला आनंद झाला. झालाच. खोटं कशाला लिहू.

१३ मे, सोमवार

एकीकरण समितीचं पत्र आलं. ज्या विभागांचा उपयोग होत नाही ते गोदामात हलवायचे, जागा मोकळी करायची. प्रत्येक विभागाचे वर्षाचे इश्यू कळवा. शुक्लाजींनी मजकूर सांगितला, मी टाइप करत होते. हिंदी विभाग, इंग्रजी विभाग, मराठी विभाग. मग: "उर्दू-फ़ारसी विभाग। इश्यू शून्य।"

बोटं थांबली.

म्हटलं, शून्यच असणार, तिथलं पुस्तक इश्यू होतच नाही. तो सगळा संदर्भ विभाग आहे. लोक येऊन वाचतात, ते इश्यूत कसं दिसेल?

शुक्लाजी: "समिति ने इश्यू पूछा है, हमने इश्यू बता दिया।"

"त्यांनी उपयोग विचारलाय."

चष्मा काढून पुसला त्यांनी. वाईट माणूस नाही. म्हणाले, "तो आप अलग से टिप्पणी लिख दीजिए, मैं साथ भेज दूँगा। लेकिन सोच लीजिए। विभाग रहा तो सूचीकार उर्दू जानने वाला चाहिए होगा। पद एक ही है।"

१४ मे

नाना जागेच होते मी उठले तेव्हा. सगळं सांगितलं, शिकवणीसकट. नाना म्हणाले, "तुले जागा मिळाली आहे, वत्सल. मिळालेली. ती तू उचलून देऊन राहिलीस."

"देत नाही. जे खरं आहे ते लिहिते फक्त."

"तुझ्याऐवजी दुसरं कोणी लिहील."

दुसरं कोण? दोन्ही बाजूंची कार्डं हाताळलेली माणसं दोनच, आणि न.सा. नी लिहिलं तर ते स्वतःसाठी म्हणतील.

माझी जागा गेली तर नानांचं काय? नागपुरात आता जागा नाही. तिथले लोक इथं यायला निघालेत, आणि मी...

१५ मे

टिप्पणी लिहिली. लहानच झाली. इश्यू म्हणजे काय, संदर्भ म्हणजे काय, उर्दू विभागात इश्यू का नाही. जरीद्याचं उदाहरण दिलं, बाईंचं नाव न घालता. शेवटी लिहिलं की जुन्या राज्याचे हुकूम, नेमणुका, जमिनीचे कागद या लिपीत आहेत, आणि गोदामात गेले तर मागायला येणाऱ्याला 'नाही' असंच उत्तर मिळेल. सही केली.

न.सा. ना सांगितलं नव्हतं. शुक्लाजींनी सांगितलं असावं. संध्याकाळी टेबलाशी येऊन उभे राहिले. "आपने अच्छा नहीं किया।" मी वर पाहिलं. "मेरे लिए किया हो तो अच्छा नहीं किया।"

"तुमच्यासाठी नाही केलं," मराठीतच बोलून गेले मी. त्यांना कळलं.

२३ मे

नाना माझ्याशी कामापुरतं बोलतात. पाणी, औषध, खिडकी लाव. शेजारच्या बाईंशी मात्र बोलतात. आज भिंतीपलीकडून ऐकू आलं, सांगत होते, "लडकी हुशार है हमारी. लेकिन हट्टी."

३० मे

उत्तर नाही. गोदामाचं कुलूप तेवढं नवीन आणून ठेवलंय. उर्दूची पाटी रोज गिरवते. आज पहिल्यांदा एका पुस्तकाचं नाव कुणाला न विचारता वाचलं. नंतर कळलं, चुकीचं वाचलं होतं. न.सा. म्हणाले एका ठिपक्याचा फरक. पण तो ठिपका पुसटच होता, हे त्यांनीही कबूल केलं.

६ जून, गुरुवार

समितीचे एक सदस्य आले. वयस्क, जिना चढून दम लागला होता. दोन्ही बाजू पाहिल्या. उर्दूच्या कपाटाशी बराच वेळ उभे होते, पुस्तक मात्र एकही काढलं नाही. मग शुक्लाजींच्या खोलीत एकेकाला बोलावलं.

आधी न.सा. दहाएक मिनिटं असावेत. बाहेर आले, माझ्यासाठी दार धरलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

मला विचारलं, टिप्पणी तुम्हीच लिहिलीत? म्हटलं हो. "किसी के कहने पर?" नाही. मग म्हणाले, "सीधा बताइए। दोनों में से एक ही रहे तो कौन रहे?"

"ते आपण ठरवायचं," मी हिंदीत म्हटलं.

"आपसे पूछ रहा हूँ।"

नानांची खाट दिसायला लागली डोळ्यांपुढे. म्हटलं, विभाग ठेवणार असाल तर नक्वीसाहेब. मला अजून ती पुस्तकं वाचता येत नाहीत, वर्षभराने येतील. ठेवणार नसाल तर मी आहेच. पण विभाग ठेवावा.

त्यांनी लिहून घेतलं. "नक़वी साहब से भी यही पूछा था," एवढंच म्हणाले. काय उत्तर आलं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हुकूम कधी? "निकलेगा।" तोवर दोघं आहेत तसेच.

कचेरी सुटल्यावर टांग्याच्या अड्ड्यापर्यंत बरोबर चालत गेलो. वळवाची आशा दाखवणारे ढगही नाहीत आकाशात, नुसती धूळ. दोघांपैकी कुणीही विचारलं नाही की आत काय सांगितलं. मध्येच ते थांबले. मला वाटलं आता बोलणार. म्हणाले, "कल जुमा है, मैं देर से आऊँगा। कोई आ जाए तो..." आणि किल्ली माझ्या हातात दिली. कपाटांची. इतक्या महिन्यांत कधी दिली नव्हती.

"कोई आ जाए तो बिठा लीजिएगा," म्हणाले.

घरी आले. नानांनी विचारलं, काय झालं. जे सांगितलं होतं तेच शब्द पुन्हा सांगितले. ते म्हणाले, "आणि तो? तो काय म्हणाला असेल?"

"ठाऊक नाही, नाना."

"हं," म्हणाले. आणि थोड्या वेळाने, टिप्पणी लिहिली त्या दिवसापासून पहिल्यांदाच, "जेवलीस का तू?"