बठ्ठा उतरनात का?

मंगळवार, २२ एप्रिल २०२५

मी, अभयकुमार बन्सीलाल छाजेड, वाणिज्य पदवीधर, वय चोपन्न, राहणार मेहरूण, जळगाव, व्यवसाय एसीची दुरुस्ती, आजपासून नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका शिडाच्या बोटीचे काम हाती घेत आहे. आखाजीपर्यंत, म्हणजे तीस तारखेच्या अक्षय्य तृतीयेपर्यंत, बोटीचा एसी निर्दोष करून देणे हा हेतू. रोज काय तपासले आणि काय आढळले, याची नोंद राहावी म्हणून ही रोजनिशी.

मन प्रसन्न आहे. दीपनगरच्या वसाहतीपासून जळगावच्या दुकानांपर्यंत असंख्य एसी उघडले. समुद्रावर फिरलेला प्रथमच. निघताना पत्नी चेलनाने टोमणा मारला, की गावातली माणसे संपली म्हणून आता तुम्ही मासे गार करायला निघालात.

बोट धुळ्याचे कापडव्यापारी कुंदनशेठ यांची. कोण्या बंदरात बेवारस पडली होती, ती त्यांनी लिलावात घेतली. आता धरणाच्या पाण्यात पाहुण्यांसाठी ठेवणार आहेत. त्यांचे म्हणणे, आपल्याकडे उन्हाळ्यात लोक बोट बघायला नाही, गारवा खायला येतील.

पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी टेकूंवर ती उभी आहे. डेक जमिनीपासून बारा फूट. चढायला एकच शिडी. डोलकाठी उतरवून डेकवर आडवी जखडली आहे, ती नेमकी पुढच्या झरोक्यावर. म्हणजे आत जाण्या-येण्याचा मार्ग एकच : मागचे सरकते झाकण. काचा कायमच्या बंद. पत्र्यामुळे आत फोनला रेंज नाही, म्हणून फोन फाटकावरच्या खोलीत चार्जिंगला ठेवतो.

राखणदार तोताराम, सत्तरीचे. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसराही अधू; कान मात्र तिखट. ऊन वाढते म्हणून दुपारी एकला ते शेड बंद करतात. आज मी उतरल्यावर त्यांनी विचारले, “बठ्ठा उतरनात का, नाना?” मी एकटाच असल्याने ‘बठ्ठा’, म्हणजे सगळे, हा शब्द येथे गैरलागू असल्याचे त्यांना सांगितले. ते हसले.

बुधवार, २३ एप्रिल

या एसीला समुद्राचे पाणी लागते. बोटीच्या तळाच्या तोंडातून पाणी आत येते, गाळणीतून पंपाकडे जाते, यंत्राची उष्णता घेऊन बाजूच्या तोंडाने बाहेर पडते. पाणी थांबले की दाब वाढतो आणि एसी स्वतःहून बंद होतो. जमिनीवर समुद्र नाही. म्हणून दोनशे लिटरचा ड्रम उंच घोडीवर ठेवला. एक नळी ड्रमातून तळाच्या तोंडाला, दुसरी बाजूच्या तोंडातून परत ड्रमात. तेच पाणी फिरत राहील.

गाळणी शंखांच्या चुऱ्याने तुंबली होती, ती साफ केली. पंपात हवा धरली होती, ती काढली. अकरा वाजून दहा मिनिटांनी एसी सुरू झाला. बाहेर ४३ अंश, केबिनमध्ये २४. ड्रममधील पातळी फुटपट्टीने मोजली : काठापासून वीस सेंटिमीटर खाली.

उतरताना पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा दुरुस्ती सुचवली.

गुरुवार, २४ एप्रिल

पातळी काठापासून सतरा सेंटिमीटर. या उन्हात पाणी घटायला हवे. ते तीन सेंटिमीटर वाढले. तोताराम यांना विचारले. त्यांनी शपथ घेतली, की ड्रमला हात लावलेला नाही, इथे प्यायचेच पाणी टँकरने येते.

केबिनमध्ये बोटीचे जुने नोंदपुस्तक सापडले. इंग्रजी, सुवाच्य अक्षर. शेवटचा रकाना रोजच्या माणसांचा. प्रत्येक पानावर चार.

शनिवार, २६ एप्रिल

काठापासून अकरा. बोट बुडवून जिभेला लावले. खारट. बोअरचे मचूळ नव्हे, खारट. ड्रम रिकामा करून, घासून, टँकरच्या पाण्याने भरला.

तोताराम यांनी सहज विचारले, तुमना संगे चार जन शेतस ते डबा काब्र नहीं आनतस? माझ्यासोबतची चार माणसे डबा का आणत नाहीत, असा प्रश्न. शिडीवरून माझ्यामागे उतरताना ते त्यांना पाहतात म्हणे, पण उतरून ती पुन्हा वर जातात. माले वाटनं तुमनाच मानसे शेतस. मी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबद्दल सांगितले आणि विषय संपवला. चार हा आकडा मी त्यांच्यापाशी कधी उच्चारला नव्हता.

रोजच्या प्रश्नावर आता मी वाद घालत नाही. केबिनमधूनच ओरडतो, “हो, बठ्ठा उतरनात,” आणि मग उतरतो. वेळ वाचतो.

सोमवार, २८ एप्रिल

नोंदपुस्तकाचे शेवटचे पान वाचले. बाहेर असह्य ऊन, म्हणून झाकण लावून चौघे आत बसले. थंडावा थांबला. झाकण उघडत नाही. पुढे तारीख नाही. माणसे : चार.

गाळणीत आज ओले केस निघाले. लांब.

उद्या अखेरची चाचणी. केबिन पूर्ण बंद ठेवून एसी चोवीस तास चालला पाहिजे. तोताराम यांना लेखी सूचना दिली, वाचूनही दाखवली : मी उतरल्याचे सांगितल्यावर त्यांनी वर जाऊन झाकण सरकवावे, बाहेरून कडी घालावी, शिडी काढावी, वीज चालू ठेवावी. काचांवर बाहेरून चंदेरी पत्रे चिकटवले आहेत. आखाजीला त्यांच्या लेकी माहेरी येणार. ते उद्या दुपारी गावी जातील, शुक्रवारी परततील. काम झाल्यावर मीही दोन दिवस बहिणीकडे जाणार, असे चेलनाला कळवले आहे.

मंगळवार, २९ एप्रिल

दुपारी १.०५. पलंगाखालच्या कप्प्यात डोके घालून पंपाची पट्टी आवळत होतो. तोताराम यांनी खालून विचारले, “बठ्ठा उतरनात का?” उत्तर द्यायला तोंड उघडले, तोच उत्तर गेले.

बाहेरून. ड्रमजवळून. माझ्या आवाजात. हो, बठ्ठा उतरनात.

मी कप्प्यातून बाहेर येईपर्यंत झाकण सरकले. कडी पडली. ओरडलो, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. खालून माझाच आवाज तोताराम यांच्याशी बोलत होता, आखाजीच्या शुभेच्छा देत होता. तोताराम हसले. शिडी ओढल्याचा आवाज. शटर.

१.४०. पान्याने झाकणावर घाव घातले. जाड लाकूड. पान्याची मूठ तुटली. काचा फुटत नाहीत. पुढचा झरोका बोटभरच उचलला जातो, वर डोलकाठी.

एसी चालू आहे. २४ अंश. तो चालू आहे तोवर शुक्रवारपर्यंत तग धरता येईल. प्यायला दीड लिटर पाणी. घाबरण्याचे कारण नाही.

२.१५. बाहेर ओल्या पावलांचा आवाज. एकापेक्षा अधिक माणसे. तळाच्या तोंडाची नळी कोणीतरी उपसली. ड्रमचे पाणी फरशीवर पडताना ऐकले. गाळणीच्या पारदर्शक झाकणातून पाहिले— रिकामी.

एसी बंद. पडद्यावर उच्च दाबाची खूण.

२.५०. ३६ अंश.

३.३०. ४१. पाऊण लिटर उरले.

पावले शटरकडे गेली. शटरच्या खाली फट आहे— माणूस मावणार नाही इतकी. तरी गेली. चौघे. बोलत होते. एकजण माझ्या आवाजात.

बठ्ठा उतरनात. खोटे बोलले नाहीत ते.

४.१०. ४४. लिहिताना घाम पानावर—

४.२०. एसी सुरू झाला.

गाळणी भरली आहे. ड्रम रिकामा असताना. पाणी गाळणीत चढते, याचा एकच अर्थ. बाहेरचे पाणी गाळणीच्या वर आहे. गाळणी फरशीपासून पाच फूट.

नरडाण्याच्या शेडमध्ये पाच फूट—

चव घेतली. खारट.

बुधवार, ३० एप्रिल. आखाजी

सकाळ असावी. २४ अंश. टेकू एकेक करून सुटले. बोट हलते आहे. सावकाश, एका बाजूने दुसऱ्या—

पिण्याचे पाणी संपले.

नोंदपुस्तक उघडले. शेवटच्या पानानंतर नवीन पान. माझी तारीख. अक्षर माझे. मी लिहिलेले नाही. माणसे : एक.

या पानाच्या तळाशी सही आधीच करून ठेवली आहे, हात कोरडा असताना. स्थळाबद्दल आता खात्री—

वर डेकवर कोणी चालते आहे. कडीला हात लावला. तोताराम असतील. शुक्रवार झाला असेल. विचारतात, बठ्ठा उतरनात का? मी ओरडतो आहे— नाही, एक राहिला, एक— घशातून आवाज निघत नाही— तो त्या चौघांनी नेला— खालून उत्तर जाते आहे, हो, बठ्ठा उत—

अभयकुमार बन्सीलाल छाजेड
स्थळ : नरडाणा
दिनांक : ३० एप्रिल २०२५